मुलाला युरोपला पाठवू का?



गेल्या महिन्यात शाळा सुटायच्या वेळी एका विद्यार्थ्याचे वडील भेटायला आले. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते ठेकेदाराकडे काम करतात. बारा वर्षे झाली, अजून कायम नाहीत. पहिली पाळी संपवून, मोशीच्या वाहतूक कोंडीतून कंपनीच्या बसने येऊन, घरी न जाता थेट शाळेत आले होते. खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "मॅडम, जरा ये देखो ना. इंग्रजी आहे, मला सगळं कळत नाही."

मोबाइलवर दोन पानांचे रंगीत पत्रक होते. युरोपमधल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबची पंधरा दिवसांची ट्रायल, निवड झाली तर करार, राहणे, जेवण, व्हिसा सगळे धरून साडेतीन लाख रुपये. पन्नास हजार आगाऊ, तेही शुक्रवारच्या आत, कारण जागा थोड्या आहेत. हा दिवस होता मंगळवार.

मुलगा दहावीत, वय सोळा. वर्गात शेवटच्या बाकावर बसतो आणि प्रश्न विचारला की खिडकीबाहेर बघतो. पण पिंपरीच्या एच.ए. मैदानावर तो खेळतो ते मी एकदा पाहिले आहे. सगळ्यांच्या मागे उभा राहून सगळ्यांना हाका मारत जागेवर आणणारा तोच. बचावपटू आहे. मुलगा चांगला खेळतो याबद्दल आमच्या क्रीडाशिक्षकांनाही शंका नाही.

पैशाची जुळवाजुळव वडिलांनी मनात करून ठेवली होती. बिशी पुढच्या महिन्यात उचलायची, बायकोच्या दोन बांगड्या मोडायच्या आणि उरलेले एका फायनान्स कंपनीकडून घ्यायचे. "सूद आहे, मला कळतं मॅडम. पण पोराच्या नशिबाचा सवाल आहे. उद्या तो म्हणेल, अब्बांनी पैसे दिले नाहीत म्हणून मी राहिलो."

मला फुटबॉलमधले फार कळत नाही. मी म्हटले, आठ दिवस द्या, तोवर एक रुपयाही देऊ नका. त्या आठ दिवसांत जे वाचले, जे विचारले, ते इथे लिहिते आहे. कारण हे पत्रक एकाच घरात आले असेल असे मला वाटत नाही.

अबुधाबीची ती रात्र

६ जानेवारी २०१९. अबुधाबीच्या मैदानावर आशिया चषकात भारताने थायलंडला ४-१ असे हरवले. या स्पर्धेत भारताने सामना जिंकला तो १९६४ नंतर पहिल्यांदा. गोल करणाऱ्या सुनील छेत्रीचे नाव सगळ्यांना आठवते. मला मात्र त्या दिवशीच्या अकरा जणांपैकी वेगळ्या तिघांबद्दल सांगायचे आहे: अनस एडथोडिका, आशिक कुरुनियन आणि संदेश झिंगन. यांपैकी दोघांच्या वाटा आपल्या अगदी शेजारून गेल्या आहेत.

अनसचा जन्म १९८७ चा, केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टीचा. मध्यभागी उभा राहणारा बचावपटू. तरुणपणी घरखर्चाला हातभार म्हणून त्याने रिक्षा चालवली. २००७ मध्ये, विसाव्या वर्षी, तो मुंबई एफसी या क्लबमध्ये आला आणि २०११ मध्ये पुणे एफसीमध्ये. म्हणजे बालेवाडीच्या मैदानावर, आपल्या वाकडपासून हाकेच्या अंतरावर, हा मुलगा काही वर्षे खेळत होता. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी देशात दुसरे आले. तेव्हा आपल्यापैकी किती जण बालेवाडीला सामना बघायला गेलो होतो? मी तर नाही.

पुढे दिल्लीच्या संघात तो ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोस यांच्या हाताखाली खेळला. भारताकडून पहिला सामना खेळायला मिळाला तो मार्च २०१७ मध्ये, कंबोडियाविरुद्ध. तेव्हा वय तीस. त्याच वर्षी खेळाडूंच्या वाटपात जमशेदपूरच्या संघाने त्याला १ कोटी १० लाख रुपयांना घेतले.

आमच्या विद्यार्थ्याला हा शेवटचा आकडा आधीच पाठ होता. त्याच्या आधीची दहा वर्षे त्याला माहीत नव्हती.

आणि पुढचे आठ दिवसही माहीत नव्हते. थायलंडविरुद्धच्या विजयानंतर आठच दिवसांनी, १४ जानेवारीला, शारजात बहरीनविरुद्ध सामना होता. सुरू होऊन काही मिनिटे झाली आणि अनसला दुखापत झाली. तो बाहेर गेला. शेवटच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीवर बहरीन जिंकले, भारत स्पर्धेबाहेर. दुसऱ्या दिवशी अनसने भारतीय संघातून निवृत्ती जाहीर केली. काही महिन्यांनी नव्या प्रशिक्षकांनी बोलावल्यावर तो परत आला, खेळलाही. पण तिसाव्या वर्षी उघडलेला दरवाजा दोन वर्षांत कसा मिटायला लागतो, ते त्याच्याकडे पाहून कळते.

मामुर्डीहून स्पेनला

आशिक कुरुनियनही मलप्पुरमचाच, अनसपेक्षा दहा वर्षांनी लहान. तो घडला पुणे एफसीच्या अकादमीत. ही अकादमी होती मामुर्डीला, देहूरोडच्या अलीकडे, आपल्याच महापालिकेच्या हद्दीत. २०१६ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, एफसी पुणे सिटी या क्लबने त्याला काही महिन्यांसाठी स्पेनमधल्या व्हिलारियल क्लबच्या तिसऱ्या संघात पाठवले.

हे व्हिलारियल काय आहे ते ऐकण्यासारखे आहे. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. आपल्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १७ लाखांवर होती. तिथला मुख्य धंदा टाइल्सचा. आपल्याकडे मोरबीचे जसे नाव, तसे स्पेनमध्ये त्या भागाचे. तिथल्याच एका टाइल्स कारखानदाराने, फर्नांडो रोइग यांनी, १९९७ मध्ये हा क्लब घेतला. मुलांसाठी मैदाने आणि अकादमी वाढवली. २००६ मध्ये हा क्लब चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडला हरवून त्याने युरोपा लीग जिंकली. कारखान्यांच्या गावातल्या मुलांना कारखान्याच्या पैशातून मैदान मिळाले, म्हणून हे घडले. आपल्याकडे कारखाने भोसरीपासून चाकणच्या पुढेपर्यंत आहेत. मुले मात्र तासाच्या भाड्याने टर्फ घेऊन खेळतात आणि भाड्याला पैसे नसले की रस्त्यावर.

आशिक स्पेनमधून परत आला. तिकडेच राहिला नाही, मोठा करार झाला नाही. तरीही ते दिवस वाया गेले नाहीत. तो पुण्याकडून खेळला, २०१८ मध्ये भारताच्या संघात आला, अबुधाबीत आघाडीला खेळला. पुढे बेंगळुरूच्या संघात त्याला डाव्या बाजूला बचावालाही उभे केले गेले आणि तो तेही शिकला. २०२३ मध्ये गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीने तो कित्येक महिने मैदानाबाहेर होता. खेळाडूचे शरीर हेच त्याचे भांडवल. गुडघा गेला की दुकान बंद.

सर्वोत्तम बचावपटूचे परदेश

तिसरा संदेश झिंगन, चंदीगडचा. अबुधाबीत अनसच्या शेजारी उभा राहिलेला दुसरा मध्य बचावपटू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२०-२१ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने क्रोएशियातल्या शिबेनिक या क्लबशी करार केला. वय अठ्ठावीस, अंगात ताकद, मागे सात-आठ वर्षांचा अनुभव. भारतातला बचावपटू युरोपच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये गेला याचा सगळ्यांना आनंद झाला होता.

तिथे गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याला दुखापत झाली. जानेवारी २०२२ मध्ये तो भारतात परतला. शिबेनिककडून एकही अधिकृत सामना न खेळता.

यात झिंगनची काही चूक नाही. त्याने हिंमत केली आणि परत येऊन पुन्हा देशासाठी उभा राहिला. परतायला त्याच्यापाशी जागा होती, नाव होते, त्याला घ्यायला क्लब तयार होता. आमच्या सोळा वर्षांच्या मुलाला परतायला काय असेल? दहावीची बुडालेली परीक्षा, मोडलेल्या बांगड्या आणि दर महिन्याचा हप्ता.

परदेशी गेलेल्या आणखी दोघांची नावे क्रीडाशिक्षकांनी सांगितली. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला, गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे. म्हणजे झाले चौघे. चौघेही जाताना अठरा वर्षांच्या पुढचे होते आणि चौघेही आधी देशातल्या एखाद्या क्लबमध्ये होते. तिकडच्या क्लबने त्यांना घेतले ते इथले काम बघून.

नियम काय म्हणतो

आता सगळ्यात महत्त्वाचे. फुटबॉलची जागतिक संघटना, म्हणजे फिफा, हिचा नियम आहे की अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करता येत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडीलच फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने, उदाहरणार्थ नोकरीसाठी, त्या देशात राहायला गेले असतील तर. किंवा खेळाडू युरोपीय संघातल्याच एका देशातून दुसऱ्या देशात जात असेल आणि वय सोळा ते अठरा असेल तर. किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेच्या अगदी जवळ असतील तर. असेच आणखी एक-दोन. चिखलीत राहणारा सोळा वर्षांचा मुलगा यातल्या कशातही बसत नाही.

हा नियम मुलांच्या वाटेत अडथळा आणण्यासाठी केलेला नाही. आफ्रिकेतली आणि दक्षिण अमेरिकेतली कोवळी मुले दलालांनी युरोपात नेली आणि निवड झाली नाही की तिथेच रस्त्यावर सोडून दिली, असे बरेच घडले. त्यांच्या घरच्यांनीही जमीन, जनावरे विकून पैसे दिले होते. त्या मुलांसाठी हा नियम आहे.

म्हणजे पत्रकातला क्लब खरा असला, मैदान खरे असले, मुलगा तिथे जाऊन उत्तम खेळला, तरी त्या क्लबला त्याची नोंदणी करता येणार नाही. "निवड झाल्यास करार" हे वाक्य खोटे आहे. साडेतीन लाखांत मिळणार होती ती पंधरा दिवसांची सहल आणि एक प्रमाणपत्र.

दुसरी गोष्ट दलालाची. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूच्या वतीने क्लबशी बोलणी करायला फिफाचा परवाना लागतो. तो परीक्षा देऊन मिळतो आणि परवानाधारकांची नावे फिफा जाहीर करते. खेळाडू अज्ञान असेल तर पालकांची लेखी संमती लागते. आमच्या पत्रकावर नाव होते, फोटो होता, मोबाइल नंबर होता. परवान्याचा उल्लेख नव्हता. वडिलांनी फोन करून विचारले तेव्हा उत्तर आले, "भाईसाब, भरवसा नसेल तर राहू द्या, दुसरे पालक थांबलेत."

असे पत्रक तुमच्या घरी आले तर पैसे देण्याआधी एवढे विचारा:

१. मुलगा अठरा वर्षांचा आहे का? नसेल तर कराराची गोष्ट तिथेच संपली.

२. बोलणारा माणूस फिफाच्या परवानाधारकांत आहे का? नाव स्वतः शोधा, त्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.

३. क्लबचे पत्र आहे का? असेल तर क्लबच्या स्वतःच्या पत्त्यावर लिहून खात्री करा. इंग्रजी येत नसेल तर शाळेत या, आम्ही लिहून देऊ.

४. व्हिसा कोणता? टुरिस्ट व्हिसावर गेलेला मुलगा पर्यटक असतो, खेळाडू नसतो.

५. खेळाडूला क्लब पैसे देतो. इथे खेळाडूकडूनच का मागतात?

६. घाई का? खरा क्लब शुक्रवारपर्यंत पन्नास हजार मागत नाही.

नमाज, रोजे आणि हलाल

मुलाच्या आईची काळजी वेगळीच होती. "परमुलखात तो खाईल काय? रमजानमध्ये काय करेल?" ही काळजी खोटी नाही, पण तेवढ्यासाठी मुलाला खेळापासून तोडू नये. एप्रिल २०२१ मध्ये, रमजानमध्ये, इंग्लंडमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांचा रात्रीचा सामना होता. लेस्टरचा तरुण बचावपटू वेस्ली फोफाना आणि पॅलेसचा शेखू कुयाते दोघे रोजेदार होते. सूर्य मावळला तेव्हा पॅलेसच्या गोलरक्षकाने चेंडू मारायचा थांबवला. दोघांनी मैदानाच्या कडेला जाऊन रोजा सोडला आणि खेळ पुढे सुरू झाला. फोफानाने नंतर सर्वांचे आभार मानले. ज्याची घरातली तरबियत पक्की आहे त्याला परमुलखातही रोजा ठेवता येतो. ती तरबियत सोळाव्या वर्षापर्यंत आपल्या हातात आहे, तेवढी आपण करायची.

वडिलांना जे आधीच ठाऊक होते

आठ दिवसांनी आईवडील आणि मुलगा तिघे आले. शुक्रवार उलटून गेला होता, पैसे दिलेले नव्हते. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या मते मी त्याचे युरोप बुडवले होते.

मी वहीतून एक एक गोष्ट वाचून दाखवली. अनस ज्या मुंबई एफसीकडून सुरुवातीला खेळला तो क्लब आता नाही. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाले. आशिकला स्पेनला पाठवणारे एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाले. खेळाडू चांगले होते, मालकही मोठे होते, तरी क्लब बंद झाले. मग खेळाडूंनी दुसरे गाव, दुसरा करार शोधला.

इतका वेळ गप्प असलेले वडील एकदम म्हणाले, "म्हणजे हेही कॉन्ट्रॅक्टच."

मी म्हटले, हो. तळेगावचा मोटारींचा मोठा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला तेव्हा काय झाले ते तुम्ही जवळून पाहिले आहे. कराराचे काम वाईट नसते, त्यातही हलाल कमाई आहे. पण करार संपल्यावर हातात काय उरते, हे आधी बघावे लागते.

मग ते मुलाकडे वळले आणि जे बोलले ते मला बोलता आले नसते. "मला कोणी दहावी करू दिली असती तर मी आज सुपरवायझर असतो. तू खेळ. मी बूट आणीन, टर्फचे पैसे देईन. पण दहावी दे." मुलगा काही बोलला नाही. आईने बांगड्यांवरून हात फिरवला.

क्रीडाशिक्षकांनी पुढची वाट आखून दिली. शाळेकडून आंतरशालेय स्पर्धा आणि सुब्रतो कपच्या जिल्हा फेऱ्या खेळायच्या. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये खेळणाऱ्या एखाद्या क्लबमध्ये नाव घालायचे, म्हणजे महासंघाकडे खेळाडू म्हणून रीतसर नोंद होईल. प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवायचे, कारण ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. या वाटेवर साडेतीन लाख लागत नाहीत. वेळ लागतो. अनसला विसाव्या वर्षी पहिला क्लब मिळाला, आमच्या मुलाकडे अजून चार वर्षे आहेत.

उंटाचा दोर आधी बांधावा आणि मग अल्लाहवर तवक्कुल करावा, ही शिकवण आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. लग्नात, धंद्यात आपण ती पाळतो. मुलाचे स्वप्न समोर आले की दोर हातातच राहतो आणि आपण दुआ मागायला बसतो. दुआ जरूर मागा. मुलाचे वय, दलालाचा परवाना आणि क्लबचा पत्ता एवढे आधी बघा.

मुलगा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. परवा मधल्या सुट्टीत आला आणि उभ्या उभ्या विचारले, "मॅडम, व्याकरणाला किती मार्क असतात?" मी सांगितले. तो मान हलवून मैदानाकडे पळाला. त्याच्या मनातला राग गेला की नाही, मला माहीत नाही. रविवारी त्याचा सामना आहे, त्याचे अब्बा पहिल्यांदाच बघायला जाणार आहेत. पाळी बदलून घेतली आहे त्यांनी.